लहान चाक, मोठं चाक आणि मातीचा हिशेब

आषाढ लागला की ब्रह्मपुरीच्या चारही वाटांना पाणी धरलेल्या बांध्या दिसू लागतात. धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या पेंढ्या, बांधीत ओणव्यानं रोवणी करणाऱ्या बाया, आणि शेजारच्या बांधीत चिखलणी करत फिरणारा ट्रॅक्टर. हा ट्रॅक्टर फोर व्हील ड्राइव्ह असेल, आणि अलीकडे धानपट्ट्यात तसे ट्रॅक्टर बरेच दिसतात, तर त्याच्या चाकांकडे नीट बघावं. मागची चाकं उभ्या माणसाच्या छातीला लागतात, पुढची कमरेशीच संपतात. दोन्हींच्या उंचीत फूटभर अंतर. तरी इंजिन चारही चाकांना ओढायला लावतं, आणि ती चारही एकजुटीनं ट्रॅक्टर पुढे नेतात.

आता गावातल्या एखाद्या अनुभवी मेकॅनिकला विचारा: फोर बाय फोर जिप्सीला मागे जरा मोठे टायर टाकले आणि पुढे जुनेच ठेवले, तर चालेल का? तो ठाम नाही म्हणेल. गिअर जातील, शाफ्ट जाईल, टायर खाल्ले जातील, असं सांगेल. त्याचं म्हणणं अगदी खरं आहे. जिप्सीच्या चाकांत साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडला तर यंत्रणा धोक्यात येते, आणि ट्रॅक्टर फूटभर फरक घेऊन वर्षानुवर्षं चिखल तुडवतो.

या कोड्याचं उत्तर शोधू लागलं की एक विलक्षण गोष्ट कळते. चार चाकं सारखी असलीच पाहिजेत असा निसर्गाचा काही आग्रह नाही. आग्रह आहे तो हिशेबाचा. प्रत्येक चाक जमिनीवर किती अंतर कापतं आणि यंत्र त्याला किती फेरे घ्यायला लावतं, यांचा मेळ बसला पाहिजे. तो गिअरच्या दात्यांमध्ये बसवता येतो, चिखलात साधता येतो. कुठेच बसला नाही, तर लोखंडाला त्याची किंमत मोजावी लागते.

टायरवरचे तीन आकडे

सुरुवात टायरवर छापलेल्या आकड्यांपासून करू. ताडोब्यात वर्षानुवर्षं पर्यटकांना फिरवणारी मारुती जिप्सी सगळ्यांच्या ओळखीची. तिच्या टायरवर २०५/७० आर १५ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा सांगतो की टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे. आर म्हणजे रेडियल, आणि शेवटचा आकडा रिंगचा व्यास, इंचात. एवढ्यावरून अख्खं चाक कागदावर मांडता येतं. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. २०५ चे ७० टक्के १४३.५, ते वर एकदा, खाली एकदा, मिळून २८७. बेरीज ६६८ मिलिमीटर. हा व्यास. त्याचा परीघ जवळजवळ २ मीटर १० सेंटिमीटर.

बोलेरोवर दिसणारा टायर २१५/७५ आर १५. त्याच रिंगच्या मापाचा, डोळ्यांना जवळपास तसाच. पण हिशेब केला तर व्यास ७०३.५ मिलिमीटर आणि परीघ २ मीटर २१ सेंटिमीटर. म्हणजे एका फेऱ्याला ११ सेंटिमीटर जास्त. गाडीच्या भारानं टायर खालून थोडा दबतो, त्यामुळे रस्त्यावरचे आकडे कागदापेक्षा किंचित कमी भरतात. पण दोन्ही टायर साधारण सारख्याच प्रमाणात दबतात, म्हणून त्यांचं एकमेकांशी नातं तेच राहतं.

एका किलोमीटरला लहान टायर सुमारे ४७६ फेरे घेतो, मोठा ४५२. चोवीस फेऱ्यांचा फरक. ब्रह्मपुरी ते वडसा एवढ्या छोट्या प्रवासातही तो फरक कित्येक शेकड्यांवर जातो. बैलबंडीत त्याची कुणाला पर्वा नसती. बंडीची चाकं आसावर मोकळी फिरतात, एकाला दुसऱ्याच्या फेऱ्यांशी देणंघेणं नसतं. एक चाक लहान निघालं तर बंडी एका अंगाला कलेल, इतकंच. अडचण सुरू होते ती चाकांना एकमेकांशी जोडल्यावर. आणि इंजिननं चाकं फिरवायची, तर ती जोडावीच लागतात.

घड्याळजीची देणगी

दोनच चाकं जोडली तरी पहिल्या वळणावर भांडण ठरलेलं. वळताना बाहेरचं चाक मोठं वर्तुळ कापतं, आतलं लहान. दोघांना एकाच आसानं घट्ट बांधलं, तर एकाला घासत जावं लागेल. यावर उपाय शोधला पॅरिसच्या ओनेसिफोर पेकर या घड्याळजीनं. १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी त्यानं दातेरी चक्रांची अशी रचना केली, की इंजिन दोन्ही चाकांना ओढ देईल, पण कुणी किती फिरायचं हे चाकं आपापसांत ठरवतील. तीच डिफरन्शियल.

नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवलेल्या धानाला एचएमटी हे घड्याळाचं नाव मिळालं. तो धान ज्या बांध्यांत रोवला जातो, त्यांत फिरणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागच्या आसात एका घड्याळजीची कल्पना काम करत असते, हा योगायोग मोठा सुखद आहे.

डिफरन्शियल खरोखर काय करते हे समजलं की तिच्याबद्दल आदर वाटतो. तिच्या बाहेरच्या मोठ्या चक्राचा वेग म्हणजे नेहमी दोन्ही चाकांच्या वेगाची सरासरी. डावं चाक ११० फेरे घेत असेल आणि उजवं ९०, तर मोठं चक्र बरोबर १०० घेतं. बेरीज करून दोनानं भागण्याचं गणित चार-सहा दातेरी चक्रं अखंड करत राहतात, तेलात बुडून, आयुष्यभर, एकदाही न चुकता.

पण हे गणित वळणांसाठी आहे. सरळ रस्त्यावर आतली छोटी चक्रं आपल्या खुंटीवर स्थिर असतात, सगळा जथा एकत्र फिरतो. आता एकाच आसावर डावीकडे लहान आणि उजवीकडे मोठं चाक लावलं, तर सरळ रस्ताही त्या आसाला न संपणारं वळण वाटू लागतो. क्षणभर कामाला यायची ती चक्रं तासन् तास फिरत राहतात, खुंटी तापते, झिजते. गाडी कुठे अडत नाही, आवाजही करत नाही. झीज मात्र आतल्या आत चालू राहते.

एका मीटरला चौतीस अंश

आता चारही चाकं जोडू. डाव्या-उजव्या चाकांचं भांडण आसावरच्या डिफरन्शियलनं मिटवलं. पण पुढचा आस आणि मागचा आस यांच्यातही भांडण असतंच. गाडी वळते तेव्हा पुढचा आस मागच्यापेक्षा मोठं वर्तुळ कापतो. जिप्सीच्या दोन आसांत २ मीटर ३७ सेंटिमीटर अंतर आहे. मागचा आस सहा मीटर त्रिज्येनं वळला, तर पुढचा सुमारे साडेसहा मीटर त्रिज्येनं वळतो. चौकात काटकोनात वळताना पुढच्या आसाला सत्तर सेंटिमीटर जास्त चालावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपपासून चालत आलेल्या साध्या फोर व्हील ड्राइव्हमध्ये हे भांडण मिटवायची सोयच नाही. इंजिनची ओढ पुढच्या-मागच्या आसांत वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचा दांडा ओढला, की पुढे जाणारा शाफ्ट आणि मागे जाणारा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. जिप्सी याच घराण्यातली. पुढच्या आणि मागच्या आसांना बरोबर तेवढेच फेरे घ्यावे लागतात, कमी नाही, जास्त नाही. म्हणून अशी गाडी एरवी मागच्या दोन चाकांवर चालवायची आणि चिखल, वाळू, ओढा आला की दांडा ओढायचा, हा तिचा धर्म.

आता तिच्या मागे बोलेरोचे टायर आणि पुढे तिचेच ठेवले, असं समजू. जमिनीवर दोन्ही आसांना सारखंच अंतर कापायचं आहे, म्हणून पुढच्या चाकांना किलोमीटरला २४ फेरे जास्त हवे आहेत. आसापाशी गिअरचं प्रमाण चारास एक धरलं, तर शाफ्टवर हा फरक ९६ फेऱ्यांचा होतो. हे ९६ फेरे किलोमीटरमध्ये वाटून बघा. प्रत्येक मीटरला सुमारे ३४ अंश. गाडी मीटरभर पुढे गेली की दोन शाफ्टांचं म्हणणं ३४ अंशांनी वेगळं पडतं. दुसऱ्या मीटरला ६८. आणि हे सरळ, कोरड्या, सपाट रस्त्यावर, स्टिअरिंग जराही न वळवता.

सुरुवातीला दात्यांमधला मोकळा खेळ हा फरक गिळतो. तो काही अंशांचाच असतो, पहिल्याच मीटरमध्ये संपतो. मग पोलादी शाफ्टांना पीळ भरू लागतो, दोन जणी दोन टोकांना धरून ओलं लुगडं पिळतात तसा. पोलाद थोडं पिळलं जातं आणि स्प्रिंगसारखं मागे ढकलू लागतं. ही ढकल टायरच्या पकडीपेक्षा मोठी झाली की एखादं चाक क्षणभर घसरतं, पीळ सुटतो, आणि लगेच पुन्हा भरू लागतो. बाहेर ऐकू येतात ते टायरचे चीत्कार आणि बसणारे हिसके या पीळ भरण्या-सुटण्याचे असतात. दांडा परत मागच्या चाकांवर आणायला जावं तर तो जागचा हलत नाही, कारण आतले दाते एकमेकांवर दाबले गेलेले असतात. गाडी दोन-चार फूट सरळ मागे घेतली की पीळ उलगडतो आणि दांडा अलगद सुटतो. जंगलातल्या जुन्या ड्रायव्हरांना ही युक्ती हातानं ठाऊक असते.

यात शक्तीचा जो प्रवास होतो तो फारच अद्भुत आहे. मागची मोठी चाकं गाडीला जास्त वेगानं ढकलू बघतात. पुढची लहान चाकं तेवढ्या फेऱ्यांत तेवढं अंतर कापू शकत नाहीत, म्हणून ती ब्रेकसारखी आवळून धरतात. रस्ता पुढच्या चाकांना जबरदस्तीनं फिरवतो, ती जबरदस्ती पुढच्या शाफ्टमधून उलटी ट्रान्सफर केसमध्ये येते, तिथून मागच्या शाफ्टमध्ये, मागच्या चाकांत, आणि रस्त्यातून परत पुढे. एक बंद वर्तुळ तयार होतं. डांबरी रस्ता त्या क्षणी गिअरबॉक्सचाच एक भाग झालेला असतो, सर्वांत मोठं आणि सर्वांत सरळ दातेरी चक्र. या वर्तुळात कोंडलेली शक्ती गाडीला तसूभरही पुढे नेत नाही. ती टायर झिजवते, तेल तापवते, बेअरिंग आणि जॉइंट खाते.

वेगळ्या मापाचे टायर न लावताही हे घडू शकतं. प्रवासी गाडीच्या नव्या टायरच्या नक्षीची खोली साधारण ८ मिलिमीटर असते. झीज दाखवणारी खूण १.६ मिलिमीटरला उघडी पडते. म्हणजे एकाच मापाच्या, एकाच कंपनीच्या नव्या आणि पार झिजलेल्या टायरच्या व्यासात १२.८ मिलिमीटरचा फरक. जिप्सीच्या मापाला तो दोन टक्क्यांच्या जवळ जातो. पुढे दोन नवे, मागे दोन जुने, एवढ्या साध्या निर्णयानं शाफ्टांमध्ये किलोमीटरला सुमारे ३७ फेऱ्यांची तफावत पडते.

पुढच्या-मागच्या आसांमध्येही एक डिफरन्शियल बसवली, तर वळणांचं भांडण मिटतं आणि गाडी रात्रंदिवस चारही चाकांवर चालू शकते. १९७० ची रेंज रोव्हर अशीच होती. पण मापांचा कायमचा फरक तिथेही नडतो. मधली डिफरन्शियल मग कधी विसावतच नाही. आजच्या अनेक गाड्यांत तिच्या जोडीला किंवा तिच्या जागी क्लच असतात. ते सतत घसरत राहिले तर जळतात. म्हणूनच सुबारूसारखी कंपनी चारही टायरांच्या परिघात पाव इंचाहून जास्त फरक नको म्हणते. पाव इंच म्हणजे जेमतेम ६ मिलिमीटर, तेही दोन मीटरच्या परिघात.

चिखल काय करतो

मग चिखलात, वाळूत हीच जीप सुखानं कशी चालते? कारण तिथे जमीन हिशेबात सूट देते.

चाक जमिनीला ओढतं तेव्हा ते थोडं घसरतंच. चाकानं जेवढं अंतर कापायला हवं आणि गाडीनं जेवढं कापलं, यांतल्या फरकाला घसर म्हणू. कोरड्या डांबरावर ती नगण्य असते. शेतात नांगर ओढणाऱ्या ट्रॅक्टरची चाकं मात्र चांगलं काम करत असतानाच साधारण ८ ते १५ टक्के घसरतात. ही घसर पूर्णपणे वाया जात नाही. माती थोडी दाबली, कापली, मागे रेटली गेली, तरच ती चाकाला धरते. ओढ निर्माण व्हायची तर घसर हवीच.

आता चाकांमधली तीन-चार टक्क्यांची तफावत या दहा-बारा टक्क्यांच्या शेजारी ठेवा. एका आसाची चाकं दहा टक्के घसरतात, दुसऱ्याची तेरा टक्के. शाफ्टांमध्ये पीळ भरायला जागाच उरत नाही. माती तो सोडवत राहते. पाणी धरलेली कन्हार जमीन, वैनगंगेच्या पात्रातली रेती, ताडोब्याच्या वाटेवरचा पहिल्या पावसाचा चिखल, हे सगळे या अर्थानं उदार आहेत. डांबर आणि काँक्रीट उदार नाहीत.

मुद्दाम पुढे ठेवलेलं चाक

आता ट्रॅक्टरकडे वळू. त्याची चाकं मुळात असमान का, याला चांगली कारणं आहेत. ट्रॅक्टर अवजार ओढतो तेव्हा वजन मागच्या आसावर सरकतं. तिथे मोठं, रुंद चाक हवं, म्हणजे ते जमिनीला लांबवर टेकतं आणि कमी रुततं. पुढची चाकं तेवढीच मोठी केली तर ती वळताना इंजिनच्या अंगाला घासतील. धुऱ्यांनी आखलेल्या लहान बांधीत ट्रॅक्टरला जागच्या जागी वळायचं असतं, तेव्हा पुढची चाकं आटोपशीरच बरी.

असमान चाकांचा हिशेब ट्रॅक्टरच्या कारखान्यातच मिटवलेला असतो. समजा मागच्या चाकाचा चालता परीघ, म्हणजे एका फेऱ्यात ते कापतं ते अंतर, ४.२० मीटर आहे आणि पुढच्याचा ३.१५. पुढच्यानं मागच्याच्या बरोबरीनं राहायचं तर मागच्या एका फेऱ्याला त्यानं १.३३ फेरे घ्यायला हवेत. म्हणून पुढच्या आसाच्या दात्यांची संख्याच अशी निवडतात, की तो आस तेवढा भरभर फिरेल. फूटभराचा फरक दातेरी चक्रांत विरघळून जातो.

थक्क करणारी गोष्ट याच्या पुढची आहे. अभियंते दाते अगदी तंतोतंत १.३३ ला जुळवत नाहीत. ते थोडे जास्त देतात, समजा १.३७. म्हणजे पुढची चाकं गरजेपेक्षा पावणेतीन टक्के जास्त वेगानं फिरतात. याला लीड म्हणतात, आणि साधारणपणे ती १ ते ५ टक्क्यांमध्ये ठेवतात. जीपमध्ये ज्या तफावतीला आपण भितो, तीच ट्रॅक्टरमध्ये मोजून-मापून, मुद्दाम ठेवलेली असते.

पुढची चाकं ताज्या, न तुडवलेल्या चिखलात आधी शिरतात, त्यांच्यावर भारही कमी असतो. ती जास्त घसरणार हे गृहीत धरावं लागतं. लीड असली तरच घसर वजा जाऊन त्यांच्याकडे ओढण्यासारखं काही उरतं. शिवाय पुढचा आस ओढत राहिला तर ट्रॅक्टर वळवाल तिकडे वळतो. वळताना पुढच्या आसाला जास्त अंतर कापायचं असतं, आणि लीड त्यातला थोडा भाग आधीच भरून देते. धानाच्याच देशातून, जपानमधून, आलेल्या कुबोटा कंपनीनं यात आणखी पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या काही ट्रॅक्टरांत चाकं खूप वळवली की पुढचा आस आपोआप जवळजवळ दुप्पट वेगानं फिरू लागतो, आणि ट्रॅक्टर थोडक्या जागेत झर्रकन वळतो.

पण पावणेतीन टक्के ही फार नाजूक शिल्लक आहे. पुढच्या टायरची नक्षी दोन सेंटिमीटर झिजली आणि मागचे टायर नवेकोरे टाकले, असं समजा. पुढच्या चाकाचा व्यास चार सेंटिमीटरनं घटतो, परीघ ३.१५ वरून सुमारे ३.०२ मीटरवर येतो. आता १.३७ फेऱ्यांत ते ४.१४ मीटरच कापतं, मागचं ४.२०. लीड संपून उलटी झाली, जवळपास दीड टक्क्यानं. ज्या चाकांनी ओढायचं तीच आता अडवू लागतात. डोळ्यांना मात्र काहीच दिसत नाही. चारही चाकं फिरत असतात, डिझेल तेवढं जास्त लागतं. उलट केलं, मागचे झिजलेले ठेवून पुढचे नवे टाकले, तर लीड सहा टक्क्यांच्या घरात जाते आणि पुढचे नवे टायर झपाट्यानं खाल्ले जातात. धानासाठी खास खोल नक्षीचे टायर मिळतात. ते फक्त मागे टाकले तरी हिशेब असाच सरकतो. दोन्ही वेळा कुणी चुकीच्या मापाचा टायर घेतलेला नसतो.

ट्रॅक्टर बांधीतून निघून डांबरी रस्त्यानं गावाकडे जाऊ लागला की फोर व्हील ड्राइव्ह बंद करा, असं सांगतात ते याचसाठी. चिखलात जी लीड ओढ देत होती, ती डांबरावर पीळ होते.

गोंदियाच्या गाडीची चाकं

चाकांचा असमानपणा माणसानं किती सुंदर रीतीनं कामाला लावला आहे, हे पाहायला ब्रह्मपुरीच्या बाहेर जायची गरज नाही. चांदा फोर्ट-गोंदिया रेल्वेमार्ग गावातूनच जातो. त्यावरून धावणाऱ्या गाडीची दोन-दोन चाकं एकेका जाड आसावर पक्की ठोकलेली असतात. डिफरन्शियल नाही, काही नाही. मग ती वळणावर कशी वळते?

रेल्वेच्या चाकाची धाव सपाट नसते, उतरती असते. आतल्या बाजूला व्यास जास्त, बाहेर कमी. हा उतार साधारण वीसास एक. वळणावर चाकांची जोडी थोडी बाहेरच्या अंगाला सरकते. बाहेरचं चाक मग आपल्या जाड भागावर धावू लागतं, आतलं बारीक भागावर. त्याच क्षणी दोन्ही चाकांची मापं वेगळी होतात, बरोबर हवी तेवढी. १,७५० मीटर त्रिज्येच्या सौम्य वळणाला ९१५ मिलिमीटर व्यासाच्या चाकांना जेमतेम पाच मिलिमीटर सरकणं पुरतं. सरळ रूळ आला की जोडी मधोमध येते आणि मापं पुन्हा सारखी होतात. शेकडो टनांची गाडी असमान व्यासांवर तोल साधत वळते, आणि डब्यात बसलेल्यांना त्याची जाणीवही नसते.

आजच्या मोटारीही या बारीक फरकाकडे कान देऊन असतात. ब्रेकसाठी चाकांचे फेरे मोजणारे सेन्सर बसवलेले असतात. एखाद्या टायरमधली हवा कमी झाली की त्याचा चालता व्यास किंचित घटतो, ते चाक इतरांपेक्षा थोडं भरभर फिरतं. फरक टक्क्याच्याही आत असतो. तेवढ्यावरून काही गाड्या समोर दिवा लावून सांगतात, की एका टायरमध्ये हवा बघा. हवा मोजणारा काटा कुठेच नाही. फक्त फेऱ्यांची तुलना.

खडू आणि टेप

हा सगळा हिशेब करायला प्रयोगशाळा लागत नाही. खडू आणि मोजपट्टी पुरते. सपाट, कठीण जागी गाडी उभी करा, चारही टायरांत नेमून दिलेली हवा भरा. टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे टायरवर आणि जमिनीवर खूण करा. गाडी हळूहळू ढकला, टायरवरची खूण पुन्हा खाली येईपर्यंत. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे त्या चाकाचा खरा चालता परीघ. पाच फेरे मोजून पाचानं भागलं तर आकडा अधिक चोख मिळतो. चारही चाकांचे चार आकडे शेजारी लिहिले, की टायरच्या बाजूवर काय छापलं आहे यापेक्षा कितीतरी जास्त कळतं.

ट्रॅक्टरची लीडही अशीच मोजता येते. मागच्या चाकाचे दहा फेरे होईपर्यंत पुढचं चाक किती फेरे घेतं, हे फोर व्हील ड्राइव्ह बंद ठेवून मोजायचं, मग चालू करून मोजायचं. चालू असताना जेवढे टक्के जास्त फेरे, तेवढी लीड. चालू असतानाचा आकडा कमी भरला, तर पुढची चाकं अडवत आहेत हे समजावं.

जीपला टायर घेताना चार एकदम घ्यावेत, एकाच मापाचे आणि एकाच नक्षीचे. स्टेपनीही त्याच जोडणीतली असावी आणि ठरावीक अंतरानं फिरवून वापरावी, म्हणजे पाचही बरोबरीनं झिजतात. रानात पंक्चर झालं आणि हाताशी वेगळ्या मापाची स्टेपनीच असली, तर ती न ओढणाऱ्या पुढच्या आसाला लावावी, गाडी मागच्या चाकांवर ठेवावी आणि सावकाश गावात यावं. ट्रॅक्टरचे टायर बदलताना पुढचे-मागचे कोणत्या मापांचे जोडीनं चालतात हे कंपनीच्या पुस्तिकेत बघावं, कारण पुढच्या आसातले दाते त्याच जोडीसाठी कापलेले असतात.

टायरचा परीघ खडूनं मोजणारा माणूस शाळेत शिकलेलं वर्तुळाचं सूत्र आपल्या शेताच्या आणि जंगलाच्या कामाला लावत असतो. हे गणित सोपं आहे, कुणालाही जमण्यासारखं आहे, आणि पोलादाची कित्येक वर्षं वाचवणारं आहे. रोवणीचा हंगाम सुरू होण्याआधी ते एकदा करावं, आणि घरातल्या मुलांना शेजारी घेऊन करावं. फिरणारं चाक आणि स्थिर जमीन यांच्यातलं नातं किती काटेकोर आहे, हे त्यांना आपल्या हातांनी मोजायला मिळेल.